हाताच्या टप्प्यात

"मेला की काय हा!" मी मोठ्यांदा म्हणाले, आणि बाहेरच्या खोलीतून बाबांनी विचारलं, "कोण गं?"

"लॅपटॉप."

"हां," बाबा म्हणाले. त्यांचा जरा हिरमोडच झाला असावा. रविवारची सकाळ, निदान कुणाची तरी बातमी कळली असती. मी पुन्हा बटण दाबलं, बोट पांढरं पडेपर्यंत दाबून धरलं. काही नाही. चार्जर लावला. कडेचा बारीक दिवा नारिंगी होऊन दोनदा लुकलुकला आणि विझला, आणि मग कितीही वेळा वायर काढून घातली तरी त्याने डोळा म्हणून उघडला नाही. आईची जुनी शाल माझ्या मांडीवर तशीच पडली होती. तिच्यातच गुंडाळून मी तो कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला होता, धूळ नको, धक्का नको, कुणाचा हात नको. ठेवताना पूर्ण चार्ज करून ठेवला होता, शंभर टक्के. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला आपण पोटभर जेवायला घालतो ना, तसं. तीन महिन्यांची रजा घेतली होती मी, बाबा चालायला लागेपर्यंतची. तिला आता तिसरं वर्ष चालू आहे.

काल दुपारी बाईंचा फोन आला म्हणून तो कप्पा उघडला, एरवी माझा हात तिकडे गेला नसता. बाई म्हणजे आमच्या आर्किटेक्ट ऑफिसच्या मालकीण. बोलणं कायम घाईत, मागे कुणाला तरी ओरडत. "वाचनालय आलंय, चार मजली. मधोमध उघडा जिना. तो दुसऱ्या कुणाकडे द्यायला माझा जीव होत नाही. सोमवारी येतेस? तुझा लॅपटॉप घेऊन ये, इथे मशीन शिल्लक नाही. आणि उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही सांग बाई, नाही तर मला दुसरं माणूस बघायला लागेल." मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही, "बघते" म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले आणि लक्षात आलं की पायाची बोटं आपोआप वर-खाली होताहेत, पायऱ्या मोजल्यासारखी. ऑफिसात मला 'जिना'च म्हणायचे. जिन्याला विचारा. जिना जेवायला गेलाय. आज जिन्याचा मूड ठीक नाही, जपून. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. बाकीचं घर थोडं चुकलं तरी माणसं त्यात सुखाने म्हातारी होतात. जिना चुकला की पाय फसतो. दहा पायऱ्यांत एकच पायरी बोटभर उंच झाली, की चढणारा प्रत्येक माणूस तिथेच अडखळतो आणि शिव्या मात्र स्वतःच्या चपलेला देतो. एवढं एक मला येतं. जगात दुसरं काही मला धड येतं असं कुणी म्हणणार नाही.

आणि तेसुद्धा बाबांमुळे. बाबा थिएटरात प्रोजेक्टर चालवायचे. इमारतीच्या मागच्या बाजूने त्यांच्या खोलीकडे जाणारा लोखंडी जिना होता, गोल, अरुंद, मधून आरपार दिसणारा. आई डबा देऊन मला पाठवायची आणि मी वरून तिसऱ्या पायरीवर बसून राहायची, कारण आत यायला परवानगी नव्हती. आत उकाडा, यंत्राची घरघर, आणि बाबा बनियनवर. रीळ संपत आलं की ते खाली जाऊन पुढचं घेऊन यायचे. दोन हातांत दोन डबे, कठड्याला हातसुद्धा न लावता, दडदड दडदड. पूर्ण जिना थरथरायचा आणि ती थरथर माझ्या ढुंगणापासून दातांपर्यंत पोचायची. "बाजूला हो गं बये, पिक्चर थांबेल," असं ओरडत माझ्या डोक्यावरून पाय टाकून जायचे. आम्ही घरी सगळेच त्यांना घाबरायचो. चहा गार मिळाला तर कप उलटा करून ठेवणारा माणूस! आता मी पाण्याचा पेला हातात दिला तरी "थँक यू" म्हणतात. उशी सरळ केली, थँक यू. मोजे घातले, थँक यू. पाहुण्यांसारखे. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी हसले होते. आता ते म्हणतात आणि मी दुसरीकडे बघते.

दादाचा फोन सकाळीच येऊन गेला. दादा लांब असतो आणि लांबून सगळं स्वच्छ दिसतं. "हे बघ, तू कामाला जा," तो म्हणाला. "बाबांसाठी इथे जवळच एक चांगली जागा आहे. नर्स असतात, डॉक्टर येतो, बाग आहे. मी बोलून ठेवलंय." मी म्हटलं, बाग काय करायचीय त्यांना, त्यांना कुठे उठता येतं. "तेच तर," दादा म्हणाला. "दिवसभर एकटं राहता आलं असतं तर प्रश्नच नव्हता. येत नाही ना?" येत नाही, मी म्हणाले. हे इतकं सरळ होतं. बाईंना हो म्हणायचं तर बाबा त्या बागेत. बाबा इथे, तर वाचनालयाचा जिना दुसरं कुणी तरी काढणार, आणि यापुढचे सगळेच. मी बाबांना विचारलं होतं कालच. "जा ना," ते म्हणाले. "मी कुठेही राहीन. तुला त्रास नको." हे इतक्या नम्रपणे म्हणाले की मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं.

दुपारी मी त्यांची सगळी तयारी केली. उजव्या हाताला पाण्याची बाटली, तिच्या अलीकडे चष्मा, रेडिओ, ताटलीत काढलेली बिस्किटं. डाव्या हाताला रुमाल, लघवीचं भांडं, फोन. पायांवर पांघरूण. "एका तासात येते," म्हटलं. "थँक यू," ते म्हणाले. लॅपटॉप पिशवीत घालून मी निघाले आणि रविवारी उघडं असलेलं दुरुस्तीचं एकुलतं एक दुकान शोधत तीन रस्ते फिरले. खरं तर ते आमच्याच रस्त्याच्या टोकाला होतं, काखेत कळसा. दुकानात एक बाई होती, चष्मा कपाळावर, फोन स्पीकरवर ठेवून बहिणीशी भांडत होती. "हो, पण तिने आधी मला विचारायला हवं होतं की नाही?" असं फोनला म्हणत तिने माझा लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले, झाकण उचललं. बॅटरी काळी, चपटी, मधोमध जराशी फुगलेली. "गेली," ती मला म्हणाली. "तुला नाही गं, इथे गिऱ्हाईक आहे," असं फोनला म्हणाली.

"अहो, पण वापरलाच नाहीये," मी म्हणाले. "नवा घेतला आणि थोड्याच दिवसांत ठेवून दिला. अगदी जपून."

"म्हणून तर गेली. वापरून जाते ती निराळी, ही ठेवून गेलीय. पूर्ण भरून ठेवली होती ना? शालीबिलीत गुंडाळून?" तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "सगळे तेच करतात. भरलेली नुसती पडून राहिली की आतल्या आत खराब होते, आणि मग हळूहळू रिकामी होत जाते. एका हद्दीखाली गेली की मग कितीही वायर लावा, घेत नाही. अर्धी ठेवायची, अधूनमधून काढून चालवायची. हं, बोल गं. मग आई काय म्हणाली?"

मला टोमणे सहन होत नाहीत, त्यातून कुणी न मारलेले तर मुळीच नाहीत. मी काउंटरशी उभी राहिले आणि माझे कान तापले. ठेवून गेली! म्हणजे मीच की. तिसरं वर्ष कपाटात. सोमवारी बाईंच्या समोर बसेन आणि त्या म्हणतील या उंचीला किती पायऱ्या, आणि मी नारिंगी होऊन दोनदा लुकलुकेन. नव्या मुलामुलींना आता सगळं येत असेल, प्रोग्राम बदलले असतील, कठड्याचे नियम बदलले असतील. मी मनातल्या मनात एक जिना मांडून बघितला, मजल्याची उंची घेतली, पायऱ्यांत वाटली, आणि भागाकार दोनदा चुकला. पहा, म्हटलं स्वतःला. गेलीच. मग राग आला. का म्हणून? माणूस म्हणजे बॅटरी आहे का? रोज पहाटे उठून बाबांना कुशीवर वळवणारी, उचलून खुर्चीत बसवणारी, आंघोळ घालणारी मी पडून होते म्हणे! माझे दंड बघा. न वापरलेली म्हणे! मी त्या बाईशी मनातल्या मनात इतकं भांडले की तिची बहीणसुद्धा माझ्या बाजूची झाली असती.

"बॅटरी काढून टाकली की वायरवर चालतो का बघू," ती म्हणाली, आणि तिने वायर लावली, आणि पडदा उजळला. मला एकदम रडूच आलं, काय सांगू. आवाज तोच, रंग तोच. शेवटची उघडी राहिलेली फाइल आपणहून समोर आली. बाबांच्या खोलीचा नकाशा. मी तो विसरले नव्हते, पण बाबांना घरी आणल्यापासून पाहिलाही नव्हता. बाबा न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली, आणि दवाखान्यातून घरी आणायच्या आधी मी आमचं तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडून हे तळमजल्याचं घेतलं. जिन्यांवर जगणारी मी, असं घर शोधत होते ज्याला एकही पायरी नाही. उंबरेसुद्धा काढून टाकले. आणि मग रात्रंदिवस बसून ही खोली काढली. तसं कुणी काढलं नसेल, मीच म्हणते. बिछान्यावर बसलेल्या माणसाच्या खांद्यापासून कंपासने काढावं तसं अर्धवर्तुळ काढलं होतं, उजव्या हाताचं एक, डाव्याचं एक. त्या दोन वर्तुळांच्या आत सगळं बसवलं होतं. पाणी, औषधं, दिव्याचं बटण, खिडकीची दोरी. उठायची गरज पडेल अशी एकही वस्तू मी त्या वर्तुळांच्या बाहेर जाऊ दिली नव्हती. नातेवाईक बघायला आले तेव्हा म्हणाले, तळहाताच्या फोडासारखं जपतेय पोर. मी लाजले होते.

नकाशात आम्ही ये-जा तुटक रेघेने दाखवतो. दारातून माणूस कसा येईल, कुठे वळेल, कुठे थांबेल. या नकाशातही तुटक रेघ होती. दारापासून बिछान्यापर्यंत, बिछान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत, कपाटाशी, पुन्हा बिछान्याशी. ती सगळी माझी होती. बाबांची रेघच नव्हती. चाकांची खुर्ची वळायला मधे मोठी मोकळी जागा सोडली होती, त्या जागेच्या कडेला भिंतीवर कठडा नव्हता. मी, ऑफिसातला 'जिना', मी आजवर कुणालाही कठड्याशिवाय दोन पायऱ्या चढू दिल्या नाहीत! कठडा चालणाऱ्याला लागतो. मी तो माणूस चालेल असं धरलंच नव्हतं, घरी आणायच्या आधीपासूनच. आणि डॉक्टर तर म्हणाले होते, चालवा. रोज चालवा, ओरडले तरी चालवा. पहिल्या आठवड्यात चालवलंही. वॉकर धरून दोन पावलं टाकली की त्यांच्या तोंडातून एक आवाज यायचा, मी कधी न ऐकलेला, ज्या माणसाच्या ओरडण्याने जिना थरथरायचा त्याच्या तोंडातून लहान मुलाचा आवाज. "राहू दे आजचा दिवस," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना फासावरून उतरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा राहू दे. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, आज राहू दे ना? मग कुणीच विचारेना. वॉकर बाल्कनीत गेला. आमच्या दोघांचं जमलं. एकमेकांवर इतकं प्रेम आम्ही पूर्वी कधी केलं नव्हतं. आणि त्या बसल्या जागी त्यांच्या मांड्या वाळत गेल्या, पोटऱ्या लोंबायला लागल्या, मी रोज तेल लावत होते आणि रोज बघत होते, आणि म्हणत होते, वय झालं.

म्हणजे कपाटात मी नव्हते.

"नवी बॅटरी मागवू का?" दुकानातली बाई विचारत होती. तिचा फोन संपला होता. "तोपर्यंत असाच न्या, वायर लावून वापरा." मी म्हटलं, जुनी परत चालू नाही का होत कधी? थोडी थोडी दिली तर? ती म्हणाली, क्वचित एखादी उठते, पण भरवसा नाही, आणि फुगलेली तर नाहीच नाही, टाकूनच द्यायची. मला खरं तर तिला धरून हलवावंसं वाटलं, की नीट बघा ना, पुन्हा एकदा बघा. मी पिशवी उचलली आणि निघाले. रस्त्यावर रविवारची माणसं होती, कुणी कुत्रा घेऊन, कुणी पिशव्या घेऊन, आणि मी सगळ्यांचे पाय बघत होते. किती सहज टाकतात. मला भीती वाटायला लागली, खरीखुरी. एक तास सांगून आले होते आणि दोन होत आले होते. त्यांना काही हवं असेल तर? पण काय हवं असणार! मी सगळं ठेवलं होतं ना.

दारापाशी आले. किल्ली पिशवीतून काढली, लॅचच्या कुलपात घातलीसुद्धा. मग बाहेर काढली आणि बेल वाजवली. का, ते विचारू नका. ठरवून करायचं असतं तर माझ्याने झालंच नसतं.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी आहे, बाबा."

"मग ये ना."

"दार उघडा."

"तुझी किल्ली?"

"नाहीये," मी म्हणाले. किल्ली मुठीत रुतत होती.

"शेजारी कुणी असेल बघ."

"कुणी नाहीये, बाबा. तुम्हीच या."

मला वाटलं ते आता ओरडतील, किंवा रडतील, किंवा थँक यू म्हणतील. मी दाराला कान लावला. पांघरूण सरकल्याचा आवाज आला. बिस्किटांची ताटली पडली. मग बिछान्याचं लाकूड करकरलं, थांबलं, पुन्हा करकरलं. बराच वेळ नुसता श्वास. मला तो नकाशा डोळ्यांसमोर इतका स्वच्छ दिसत होता की मी त्यांच्याबरोबर चालू शकत होते. आता उभे राहिले. आता खुर्चीची पाठ धरली. तिची चाकं लॉक केलेली आहेत ना? आहेत, मीच केली. आता कपाट. कपाटाच्या दाराची मूठ खडखडली. तोंडातून तो आवाज आला, तोच, आणि माझा हात किल्लीसकट कुलपाकडे गेला. पाय कसा फसतो, किती उंचीवरून माणूस कसा पडतो, कुठलं हाड आधी टेकतं, हे मला नको इतकं ठाऊक आहे. मी तो हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

कपाटानंतर सगळं थांबलं.

"पुढे धरायला काही नाही गं," बाबा म्हणाले.

मी कपाळ दारावर टेकलं. खरंच नव्हतं. मोकळी जागा, गुळगुळीत फरशी, कोरी भिंत. सगळी माझीच. "हो," मी म्हणाले. "नाहीये. चुकलं माझं." आवाज फुटला माझा, त्यांना ऐकू गेला असावा. मग म्हणाले, "थांब. रडू नको. बसून येतो."

काय म्हणाले ते मला कळेपर्यंत कपाटाला घासत काहीतरी जड खाली गेलं, आणि मग फरशीवरून घसटण्याचा आवाज सुरू झाला. एक ओढ, मग श्वास. एक ओढ, मग श्वास. मधेच एक शिवी, थिएटरातली, आईसमोर कधी न दिलेली. मी तोंडावर हात दाबून उभी होते. शेजारच्या दारातून एक बाई बाहेर आली, माझ्याकडे बघून "काय झालं?" म्हणाली, आणि मी मान हलवून तिला जा म्हटलं. आवाज दाराच्या अगदी जवळ आला. मग आतून बोटं दारावर चाचपडत वर सरकायला लागली. लॅचची आतली मूठ छातीच्या उंचीला आहे, उभ्या माणसाच्या. खाली बसलेल्याला हात पूर्ण वर करावा लागतो, खांद्यातून ताणून, वर्तुळाच्याही बाहेर. बोटं निसटली. पुन्हा वर गेली. पुन्हा निसटली.

लॅच वाजलं. दार आत सरकलं, थोडंसं, कशाला तरी अडलं, आणि समोर कुणीच नव्हतं. मग मी खाली बघितलं. बाबा फरशीवर बसले होते, पाय पसरून, एक हात अजून वरच. पायजमा एका बाजूने ओला झाला होता. घामाने केस कपाळाला चिकटले होते, श्वास लागला होता, आणि माझे दोन्ही हात त्यांना उचलायला पुढे गेले तसे त्यांनी ते झटकून टाकले.

"राहू दे," ते म्हणाले. "दम घेऊ दे मला." मी तिथेच दारात, त्यांच्या समोर फतकल मारून बसले. माझ्या हाताकडे त्यांचं लक्ष गेलं. मी मूठ मिटायच्या आत त्यांनी किल्ली पाहिली. पुष्कळ वेळ पाहिली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मला लहानपणासारखी भीती वाटली.

"उद्या कामाला जाशील तेव्हा ती नीट जवळ ठेव, बये," बाबा म्हणाले. "रोज रोज नाही येणार मी असा."